फोरमनचा पुदिना

फोरमन कारखान्यातून निवृत्त झाले, पण त्यांचा आवाज काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. जिन्याच्या वळणावर त्यांच्या पुदिन्याच्या कुंड्या होत्या. इमारतीतल्या कुणीही यावं, दोन काड्या खुडून न्याव्यात, अशी तिथली रीत. पण या खेपेला पानांच्या पाठीवर तांबेरा पडला, नारिंगी पुळ्याच पुळ्या, आणि फोरमननी हुकूम सोडला, "खबरदार कुणी हात लावाल तर!"

"अहो, बुडापासून छाटा, नवा फुटेल," बायको म्हणाली होती. पण ऐकतील तर ते फोरमन कसले! त्या दुपारी त्यांनी गुलाबासाठी आणलेलं बुरशीचं औषध पानं निथळेपर्यंत फवारलं आणि एक डुलकी काढली. उठल्यावर चष्मा लावून बाटली वाचली: खाण्याच्या झाडांवर वापरू नये. आता हे माणसाने आधी वाचावं की नंतर? कमालच झाली!

"जाऊ दे, टाकून देऊ," म्हणत ते कुंड्यांपाशी गेले आणि पाहतात तर काय! मधल्या कुंडीतले चांगले शेंडे कुणीतरी खुडून नेले होते. देठ अजून ओले होते.

"पुदिना कुणी तोडला?" ते गरजले. आधी स्वतःच्याच दारात. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. "मी नाही हो," ती म्हणाली. समोरच्या शिंपीणबाईंनी दार किलकिलं करून नुसती मान हलवली. वरच्या मास्तरांनी तर "आम्हाला पुदिना आवडतच नाही" म्हणून हात झटकले. परवापर्यंत मूठ मूठ नेत होता, लबाड! फोरमनना घाम फुटला. कुणाच्या तरी घरात ते विष चहात उकळत असेल, आणि इथे सगळे काखा वर करून मोकळे. ते आणखी जोरात ओरडले, तशी उरलेली दारंही लागली.

शेवटी ते पायरीवर मटकन बसले. "अरे, मी औषध मारलंय त्यावर," ते म्हणाले. आवाज पार बसला होता. "चूक माझी आहे. कुणी खाऊ नका रे बाबांनो."

शिंपीणबाईंचं दार पुन्हा उघडलं. "आधी घरी जा," त्या हळूच म्हणाल्या. "वहिनींनीच नेलाय. पोट दुखतंय म्हणाल्या. उगाच त्यांच्यावर बरसाल म्हणून मघाशी बोलले नाही."

फोरमन धडपडत घरात शिरले. बायकोने पिठाच्या डब्यामागून झाकलेला पेला काढला. काठोकाठ भरलेला.

"एखादा घोट तरी...?"

"नाही. निवायला ठेवला होता. तुम्ही बाहेर पडलात की पिणार होते."

त्यांनी पेला हिसकून मोरीत उपडा केला. डोळे भरून आले होते. "अगं, मी विचारलं तेव्हाच सांगायचंस ना!"

"विचारलंत कुठे?" ती म्हणाली. "ओरडलात."