अम्माची कयामत

आमच्या अम्माच्या तोंडी ‘कयामत’ हा शब्द सदा असायचा. दूध उतू गेलं, कयामत. महाळुंगेकडं टॉवरसाठी पोखरलेला डोंगर बघितला, तेव्हाही कयामतच. मी मराठीचा मास्तर. मी त्याचा अर्थ ‘सर्वनाश’ धरून निवांत होतो. एकदा वर्गात कुणीतरी या शब्दाचं मूळ विचारलं. घरी येऊन कोश काढला.

शब्द अरबी, आणि मुळाशी अर्थ उभं राहण्याचा! सगळं जग मोडून पडेल त्या दिवसाला नाव दिलंय ते मोडण्याचं नव्हे, तर मेलेली माणसं कबरीतून उठून उभी राहतील त्याचं. मी तोंडात बोटंच घातली. आपलं ‘कायम’ त्याच मुळाचं, ‘मुक्काम’सुद्धा. पौडच्या स्टँडवरची मुक्कामी एसटी आणि जगाचा शेवट एकाच घराण्यातले निघाले.

त्या दिवसांत अम्माच उभी राहत नव्हती. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, चालवा, नाहीतर कायमच्या बसतील. पण पुन्हा पडायच्या धास्तीनं ती बाजारातल्या आमच्या दुकानातल्या खुर्चीतून हलेना. वॉकरवर टॉवेल वाळत घातलेला. मी मोठ्या उत्साहानं तिला शब्दाचं मूळ सांगितलं.

“मास्तरकी शाळंत कर,” ती म्हणाली. “पडल्यावर उचलाया तुजा कोश येनार हाय व्हय?”

मला राग आला, आणि भीतीही वाटली. माझी आई खुर्चीतच संपणार असं वाटायला लागलं.

आमच्या बाजाराची एक रीत आहे. अंत्ययात्रा आली की, ती कुणाचीही असो, शटर अर्धं ओढायचं आणि गिऱ्हाइकासकट उभं राहायचं. त्या दुपारी समोरच्या भाजीवाल्या काकूची अंत्ययात्रा निघाली. अम्माची जन्माची मैत्रीण. मी शटर ओढून वळलो, तर अम्मा काउंटर धरून उठत होती. मी धावलो, तिनं हात झिडकारला. उभी राहून तिनं डोक्यावरचा पदर सावरला.

तिरडी पुढं गेली. मी खुर्ची तिच्या मागं सरकवली.

“बस आता, अम्मा.”

“थांब रं,” ती म्हणाली. “ती वळनापातुर जाऊ दे.”