रंगूची बरणी

केसरला सवत नव्हती आणि तरीही होती. ती स्वयंपाकघरातल्या फळीवर, चिनी मातीच्या बरणीत राहायची.

बरणीत सोडे होते, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. दिनानाथच्या पहिल्या बायकोनं, रंगूनं ते वाळवले आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. पुढच्या वैशाखात केसर तळा गावाहून लग्न होऊन आली. दिनानाथनं तिला विहीर, माड, गोठा सगळं दाखवलं आणि म्हणाला, "सगला तुजाच हाय. येवडी बरनी फक्त राहू दे."

तेव्हापासून केसरला त्या बरणीशिवाय दुसरं काही दिसेना.

दिनानाथ रेवदंड्याजवळ सुरूच्या बनात, थंडीत पाहुण्यांसाठी तंबू लावतो. भातकापणी उरकली की पहिला मुक्काम नवराबायकोचा. पावसाळाभर गुंडाळून ठेवलेलं कापड कुठं फाटलंय, दोर कुठं कुजलाय, ते स्वतः राहून बघायचं. त्या संध्याकाळी तो तीन दगडांवर आपल्या हातानं कढण शिजवतो. वालाची डाळ, तांदळाच्या कण्या, आंबोशी म्हणजे वाळवलेल्या कैरीच्या फोडी, सुक्या मिरच्या आणि बरणीतले मूठभर सोडे. ओलं म्हणाल तर फक्त पाणी. पाहुणे याला सूप म्हणतात आणि वाट्यांवर वाट्या रिचवतात, पण त्यांच्या सुपात घरचे सोडे पडतात. बरणीतले फक्त या एका संध्याकाळी.

लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात केसरनं ती बरणी उघडली. डबे पुसताना बरणीच्या तोंडाचं फडकं सुटलं, असं ती म्हणते. आपण ऐकून घ्यायचं. आत बुरशीचा नुसता गोळा झाला होता. तिनं तो माडाच्या आळ्यात पुरला, आणि पुरताना तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण रिकामी बरणी नवऱ्याला दिसली असती. उन्हाळ्यात तिनं स्वतः सोडे वाळवले होते, आयुष्यात पहिल्यांदा. त्यातलेच तिनं बरणीत भरले आणि फडकं होतं तसं बांधून टाकलं.

त्या थंडीत दिनानाथनं कढणाचा पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "रंगूच्या हाताला तोड न्हवती."

केसरच्या अंगाचा तिळपापड झाला. सोडे कुणाचे आणि कौतुक कुणाचं! सांगावं तर पुरल्याचं बिंग फुटणार, गप्प बसावं तर मेलेली बाई जिंकणार. त्यात घरी त्याच वाळवणातले सोडे वांग्यात घातले की हा माणूस "बरा हाय" म्हणून हात धुवायला उठायचा.

दुसरी कुणी असती तर तिनं बरणी तशीच संपू दिली असती. केसरला ते जमेना. रंगूपेक्षा सरस करून दाखवायचं, हा हट्ट तिच्या डोक्यात शिरला होता. दर उन्हाळ्यात ती मोठाली कोळंबी निवडून घ्यायची, बोटं सुजेस्तोवर सोलायची, एकेकीच्या पाठीतला काळा दोरा सुईनं काढायची, काठी घेऊन कावळ्यांपासून राखत बसायची. उत्तमातले उत्तम सोडे बरणीत जायचे. कौतुकही वर्षागणिक वाढत गेलं, पण सगळं रंगूचं. आपल्याच हातानं ती सवतीला पोसत होती.

यंदा तिच्या हट्टानं बरणी गळ्यापर्यंत भरली. संध्याकाळी बनात कढण उकळलं, दिनानाथनं घोट घेतला, डोळे मिटले. "रंगूच्या हाताला..."

"ते माजे हायेत," केसर म्हणाली. कढण वाढायचा डाव तिच्या हातातच होता. "सगले माजे. तिचे कवाच कुजले. मीच पुरले."

दिनानाथनं डोळे उघडले. "म्हायती हाय."

"कवापासून?"

"पयल्या वर्षापासून. सोडे काय असे वर्सानुवर्सं टिकतात? दर साली बरनी आपोआप भरते, ती काय मेलेली बाय येऊन भरते?" त्यानं वाटीत बघितलं. "आनि रंगूला दोरा काडायचा कंटाला. तिचे सोडे दाताखाली कचकचायचे. त्याच्यावरून रोज भांडायचो मी तिच्याशी. ती होती तवर एकदा पन चांगला म्हटला न्हाय. मंग ती गेली."

केसरनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"म्हनायचा राहून गेला, तो म्हनत होतो," तो म्हणाला. "तुजे चांगले असायचे म्हनून म्हनता यायचा."

माणसाला दया यावी असंच ते बोलणं होतं, आणि केसरला ती आलीही, घोटभर. पण खालून जळणं काही थांबलं नाही. मेलेल्या बाईचं देणं हा आपल्या सोड्यांनी फेडत होता, आणि आपण बसलो होतो कावळे हाकत.

"म्हंजे मला चांगला म्हनायला," तिनं विचारलं, "मी मरायला पायजे?"

दिनानाथनं वाटीतलं उरलेलं कढण संपवलं. मग त्यानं वाटी पुढं केली. केसरनं ती भरली. त्यानं एक घोट घेतला आणि कसंबसं म्हणाला, "केसर, चांगला झालाय."

इतकी वर्षं ज्यासाठी बोटं सुजवली ते कानावर पडलं. केसरनं ते तोलून पाहिलं. काहीतरी कमी भरत होतं, आणि काय ते तिच्या लगेच ध्यानात आलं.

"डोले मिटून म्हना," ती म्हणाली.