मर्यादांचा रकाना

मंगळवारी सकाळी मंदा कार्यालयाच्या जिन्यात बसली आणि तिनं पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत ती गेली होती. मला फोन आला तेव्हा अकरा वाजायचे होते.

फोन आमच्या प्रतिष्ठानच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा, अभिजितचा होता. "मॅडम, घरीच आहात ना? जरा बसा," एवढं म्हणून तो थांबला... मी बसले नाही. नारायणगावातलं ते कार्यालय माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी पोचले तेव्हा खालच्या खतांच्या दुकानासमोर माणसं उभी होती, आणि मंदाची स्कूटी नेहमीच्या जागी, हँडल डावीकडे वळवून लावलेली होती. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. तिला चौपन्नावं लागलं होतं. संध्याकाळच्या आत पिंपरी पेंढारला, तिच्या सासरच्या शेताखालच्या ओढ्याकाठी, सगळं उरकलं. त्याला आता सात आठवडे झाले. तिच्यावर लिहा, असं मला दोघातिघांनी सांगितलं. मी टाळत होते, कारण तिच्याबद्दल मी याआधी एकदा लिहिलं आहे, आणि ते कसं लिहिलं होतं ते मला माहीत आहे.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या लोकांनी, आणि इथून मुंबईला जाऊन तिकडे स्थिरावलेल्यांनी मिळून आमचं प्रतिष्ठान उभं केलं. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या मुलींसाठी वसतिगृह, म्हाताऱ्यांची डोळ्यांची ऑपरेशनं, वाड्यावस्त्यांवर पाणी, अशी त्याची कामं. मी महाविद्यालयात ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर येडगावच्या अप्पांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, मला विश्वस्त करून घेतलं. मंदा तिथे पहिल्या दिवसापासून होती. हुद्दा समन्वयकाचा, काम मात्र सगळंच. बारावीनंतर लग्न, मग दोन मुलं सांभाळून बाहेरून बी. ए. पहिल्या भेटीत तिनं माझ्या टेबलावर मेथीची जुडी ठेवली आणि म्हणाली, "बाई, तुमी पुस्तकातल्या, मी वाड्यावस्त्यांतली. जमंल ना आपलं?" मी जरा विचार करून "जमायला हरकत नाही" असं म्हटलं. ती हसत सुटली. "लई मोजून बोलता वो. सोनाराच्या काट्यावर!" पुढची सगळी वर्षं हा काटा ती मला ऐकवत राहिली.

तिचं काम कसं होतं ते एका गोष्टीवरून सांगते. डोळ्यांचं पहिलं शिबिर आम्ही आषाढात घेतलं. डॉक्टर मिळाले, जीप मिळाली, आणि डिंभ्याच्या धरणापलीकडच्या वाड्यांतून चार म्हातारी माणसं आली. दुसऱ्या वर्षीही तीच तारीख ठरत होती, तेव्हा मंदा बैठकीत उभी राहिली. "लावणी झाल्याबिगर एक डोळा डोंगरावरनं खाली येणार न्हाई," ती म्हणाली. "आन् आला तरी तिसऱ्या दिवशी पट्टी काढून चिखलात उतरंल. सून एकटी भात लावतीय आन् सासू पडून राहतीय, आसं व्हत न्हाई तिकडं." तिनं शिबिर पुढे ढकलायला लावलं, आणि मग घरोघर जाऊन ऑपरेशन सासूचं असलं तरी आधी सुनेशी बोलून घेतलं, कारण आठवडाभर चूल आणि गुरं तिच्यावर पडणार होती. त्या वर्षी जीपला तीन खेपा कराव्या लागल्या. हे सांगताना तिनं बैठकीचा पाऊण तास घेतला, हेही खरं. वाटेत तिच्या आत्याची म्हैसही येऊन गेली. मी घड्याळाकडे पाहत होते.

अप्पांचे गुडघे गेले आणि त्यांना जिना चढवेना, तेव्हा मुंबईकर मंडळींनी आग्रह धरून ठरवलं की आता रीतसर मुख्य कार्यकारी अधिकारी नेमायचा. जाहिरात, अर्ज, निवड समिती, मुलाखती. मंदानं मला विचारलं, "शीईओ म्हंजी नक्की काय करतो वो बाई? आत्ता मी करते तेच ना? फकस्त खुर्चीत बसून?" मी म्हटलं, "तू अर्ज कर." एवढं तरी मी म्हटलं होतं. त्यानंतर मी अप्पांना सांगितलं की मंदा माझ्या जवळची, तेव्हा मला समितीतून वगळा. अप्पांना ते पटलं नाही. "जवळची हाय म्हणून तर बसा की," ते म्हणाले. पण मी बसले नाही. मला ते न्यायाचं वाटलं. मंदाला कळल्यावर ती उलट खूश झाली. "मग तर तुमचंच नाव देते संदर्भाला. आता तुमी बाहेरच्या झाल्या!"

संदर्भ देणाऱ्यासाठी एक छापील कागद होता. उमेदवाराला किती वर्षं ओळखता, कोणत्या नात्यानं ओळखता, गुण, आणि शेवटी 'उमेदवाराच्या मर्यादा'. गुणांच्या रकान्यात मी दोन ओळी लिहिल्या: कष्टाळू, प्रामाणिक, भागाची उत्तम माहिती. लावणीची गोष्ट लिहिली नाही, सुनांशी बोलण्याची लिहिली नाही. वाटलं, ते सगळ्यांना ठाऊकच आहे. मर्यादांचा रकाना मात्र मी पूर्ण भरला. तीस वर्षं पुस्तकांची कार्डं भरताना एकही रकाना मोकळा सोडायचा नाही, ही सवय. मी लिहिलं की इंग्रजी पत्रव्यवहाराचा सराव नाही; बैठकीत बोलणं लांबतं, मुद्द्यावर यायला वेळ लागतो; आणि सगळी कामं स्वतः करते, दुसऱ्यावर सोपवत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी दोनदा वाचून पाहिलं, भाषा नेटकी होती. पाकीट डिंकानं चिकटवलं, जोडावर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात जाताना मंदा माझ्या फाटकाशी थांबली, स्कूटी चालूच. "झालं का लिवून?" मी म्हटलं, पोस्टात टाकते. "पोष्टात? दहा मिनटाच्या वाटंला ते चार दिवस लावत्याल. मी तिकडंच चाललीय की." आपल्याकडे कुणी त्या बाजूला चाललं असलं की चिठ्ठी असो, डबा असो, त्याच्याच हाती द्यायचा. मीही दिलं. तिनं ते पाकीट उन्हासमोर धरलं. "जाड लागतंय. लई कौतिक केलेलं दिसतंय बाईंनी."

"गोपनीय आहे ते, मंदा."

"आसू द्या. मी काय उघडती व्हय?" असं म्हणून तिनं ते डिकीत, जेवणाच्या डब्याशेजारी, नीट आडवं ठेवलं आणि गेली. तिनं वाटेत ते उघडलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकते. तशीच्या तशी सही असलेलं ते समितीपुढे गेलं.

मुलाखतीहून आली तेव्हा म्हणाली, "पंचवीस मिनटं मीच बोलले. त्यांना बोलूच दिलं न्हाई." आणि हसली. आठ दिवसांनी अभिजितची निवड झाली. पुढे कधीतरी येडगावला अप्पांच्या ओसरीवर चहा पिताना त्यांनी मला सहज सांगितलं, "दोघं तिच्या बाजूनं व्हते, दोघं त्याच्या. मी काठावर. म्हटलं, बाईंपेक्षा तिला कोण वळखतंय? म्हणून तुमचा कागद काढला." मग म्हणाले, "बाकीच्या उमेदवारांच्या कागदावर त्या शेवटच्या रकान्यात नुस्ती रेघ मारलेली व्हती वो. तुमी एकटीनंच भरला." त्यांच्या आवाजात दोष नव्हता. मी कप खाली ठेवला. 'मला लिहायला सांगितलं होतं म्हणून लिहिलं,' असं काहीतरी म्हणाले असेन...

अभिजित रुजू झाला त्या दिवशी पेढे मंदानंच आणले. आठवड्यात तिनं त्याला जीपमधून सगळ्या वाड्या दाखवल्या, कुणाच्या घरी आधी जायचं आणि कुणाच्या घरी चहाला नाही म्हणायचं नाही ते सांगितलं. वाईट वाटलं का, असं मी तिला विचारलं होतं. "वाटलं की," ती म्हणाली. "पण माणूस बरा हाय. चढाला धाप लागती त्याला, पण थांबत न्हाई." मी याहून खोदून विचारलं नाही.

दीडेक महिन्यानं एका गुरुवारी दुपारी ती माझ्या घरी आली. आमच्याकडे गुरुवारी दुपारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते, कार्यालयात संगणक चालत नाहीत. हातात दोनशेपानी वही, तिला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर. "बाई, मला विंग्रजीत पत्रं लिवायला शिकवा." मला आनंद झाला. तेव्हापासून तीन वर्षं, आजारपण आणि सणवार सोडले तर, एकही गुरुवार चुकला नाही. फाटकाची कडी वाजायची आणि मी चष्मा लावायची. ती एक पत्र लिहायची, मी लाल पेनानं तपासायची. वही माझ्याकडेच असायची. "घरी नेली तर नातू रंगवून ठिवंल," ती म्हणायची. एकदा पान इतकं लाल झालं की मलाच ओशाळल्यासारखं वाटलं. "फार लाल झालं गं," मी म्हटलं. "व्हऊ द्या. तुमी खरं लिवता म्हणून तर येते," ती म्हणाली. मी ते शिकवण्याचं कौतुक समजले.

दुसऱ्या वर्षी तिनं नवीनच काढलं. पत्र झालं की म्हणायची, "घड्याळ लावा. पाच मिनटं." आणि वसतिगृहाचा, नाहीतर पाण्याच्या टाकीचा विषय माझ्यासमोर उभं राहून मांडायची, बैठकीत मांडावा तसा. सुरुवातीला आत्याची म्हैस यायचीच. हळूहळू ती येईनाशी झाली. पुढे पुढे साडेचार मिनिटांत संपायचं, आणि मला... मला त्या म्हशीची आठवण यायची. त्याच सुमारास तिच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा हलका झाला. वसतिगृहाच्या कोठीची किल्ली तिनं तिथल्या अधीक्षिकेला देऊन टाकली होती. "तू किल्ली दिलीस?" मी थक्क होऊन विचारलं. "सवय करतीय," ती म्हणाली. पत्रं, घड्याळ, किल्ली... तीन वर्षं तिन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत होत्या. इतकी पुस्तकं वाचलेल्या मला त्या एकत्र वाचता आल्या नाहीत.

तेराव्यानंतर अभिजितनं मला कार्यालयात बोलावलं. वडिलांच्या आजारपणामुळे तो उन्हाळ्यात पुण्याला परत जाणार आहे, हे मंदाला आणि मला आधीपासून माहीत होतं. नवी जाहिरात काढायची, म्हणून त्याला मागच्या निवडीची फाइल हवी होती. मंदाच्या कपाटात ती लगेच सापडली. निवडीनंतर सगळे कागद लावायला अप्पांनी तिलाच सांगितलं होतं, दुसरं होतं कोण? वर तिच्या अक्षरात अनुक्रमणिका, खाली तारीख. फाइलमधल्या प्रत्येक कागदावर उजव्या कोपऱ्यात तिनं घातलेला पानाचा आकडा, वर्तुळात. माझं पत्र सदतिसाव्या पानावर होतं. त्यावर रेघ नाही, खूण नाही. इतर सगळ्या पानांवर होतं तसंच गोल, नीट वर्तुळ. अनुक्रमणिकेखालची तारीख मी पुन्हा पाहिली आणि घरी येऊन वहीतली पहिली तारीख पाहिली. मधे सहा दिवस होते.

म्हणजे तिनं ते वाचलं, आणि सहा दिवसांनी, ज्या बाईनं तिच्या उणिवा लिहून दिल्या तिच्याच दारात वही घेऊन आली. ती भांडली असती तर मी काय उत्तर द्यायचं ते तयार होतं, तीन वर्षं मनात तयार होतं: खरं तेच लिहिलं. पण तिला ते मान्यच होतं. मला सांगायचं होतं ते वेगळंच, की तुझ्या गुणांच्या दोन ओळी अपुऱ्या होत्या, मंदा. तिथे अजून चार ओळींची जागा होती. शंभरावर गुरुवार मिळाले. मी इंग्रजी तपासत बसले.

शेवटच्या गुरुवारी तिनं एक पान लिहून त्यावर हात ठेवला होता. "आज नको. पुढच्या गुरवारी तपासा." फाइल पाहून आल्यावर मी ते पान उघडलं. मुख्य कार्यकारी अधिकारी पदासाठी अर्ज, इंग्रजीत, एका पानात. वाक्यं छोटी आहेत. लावणी आणि डोळ्यांचं शिबिर तीन ओळींत आलं आहे. खाली संदर्भासाठी दोन नावं: पहिलं अभिजितचं, दुसरं माझं. नात्याच्या जागी तिनं 'शिक्षिका' असं लिहिलं आहे. सहीची जागा मोकळी आहे.

नवी जाहिरात पुढच्या महिन्यात निघेल. या वेळी समितीत या, असं अप्पा म्हणाले आहेत, मी अजून उत्तर दिलेलं नाही. वही माझ्या टेबलावर आहे. त्या पानाला मी लाल पेन लावलेलं नाही. गुरुवारी दुपारी वीज जाते तेव्हा मी फाटकाची कडी काढून ठेवते.