पाण्याखाली ठेवलेली होडी

आत्याचं घर धरणाच्या पाण्याच्या अलीकडे आहे आणि भातखाचरं पलीकडे. वडिवळ्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. लोणावळ्यात मैत्रिणींना सांगितलं की त्या विचारतात, मग पूल का नाही? पूल नाही. रस्त्याने जायचं तर पाण्याला वळसा घालण्यात अर्धा दिवस मोडतो, आणि डोक्यावर रोपांचं ओझं असेल तर त्याहून जास्त. म्हणून होडी.

मागच्या पावसाळ्यात जुन्या होडीचा तळ कुजून निखळला. आत्याच्या मुलाने, म्हणजे माझ्या दादाने, त्यानंतर विषय काढला. तो तळेगावला कंपनीत आहे. आतोबा गेल्यापासून आई एकटी राहते, हे त्याला आवडत नाही. "यंदा लावणीच्या आत होडी झाली तर ठीक," तो म्हणाला, "नाहीतर जमीन वाट्याने देऊ आणि तू माझ्याकडं यायचं." आत्या "व्हय" म्हणाली. तेही लगेच, विचार न करता. ती दिलेला शब्द फिरवत नाही.

मी त्या उन्हाळ्यात तिच्याकडे राहत होते. एक नोकरी संपली होती, दुसरी पावसाळ्यानंतर सुरू होणार होती, आणि आमच्या घरी येणारा प्रत्येक जण "मग आता पुढे काय?" असं विचारत होता. आत्या काही विचारत नाही. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी जरा इस्त्री केल्यासारखं आहे. गावात मी बोलायला लागले की माणसं हातातलं काम थांबवून ऐकतात, म्हणून मी फारसं बोलत नाही. आत्याने शेजारणींना परस्पर सांगून टाकलं होतं, "ती बोलत न्हाई, पर बघती लय."

तर मी बघत होते. गावातल्या सगळ्या होड्या शेजारच्या आबांनी केलेल्या आहेत. हे आबा स्वतःच न विचारता सांगतात. आत्याच्या बांधावरचं जांभळीचं झाड मागे वादळात पडलं होतं. त्याच्या फळ्या कामशेतहून कापून आणल्या होत्या आणि त्या गोठ्यात वाळत पडल्या होत्या. जांभूळ पाण्यात लवकर कुजत नाही. आबांनी अंगणातल्या आंब्याखाली नव्या होडीचा सांगाडा पालथा मांडला आणि माझ्या हातात खिळ्यांचा डबा दिला.

"मॅडम, खिळा द्या. इंग्लिश नको, मराठी द्या."

मी निमूट खिळा द्यायची. फळ्यांच्या फटींसाठी आत्याने आपल्या जुन्या गादीतला कापूस दिला. आबा तो बोथट पटाशीने ठोकून बसवायचे आणि वरून गरम डांबर फिरवायचे. माझ्या केसांना कितीतरी दिवस डांबराचा वास येत होता. तो मला आवडायला लागला होता, पण हे मी कुणाला सांगितलं नाही.

होडी झाली की आबांच्या रीतीप्रमाणे ती आधी बुडवायची असते. काठाजवळच्या उथळ पाण्यात, दगड भरून, आठवडाभर. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि फळ्या एकमेकींना घट्ट दाबून धरतात. पण आत्या ऐकेना.

"रईवारी पोरगं येनार हाये आबा. त्यानं होडी तळाला बघायची व्हय?"

"अगं पर लाकूड कोरडं ठणठणीत हाये."

"ऱ्हाऊ द्या. तरंगताना दिसली पायजे त्याला."

आबांनी होडीवरून हात फिरवला. आपल्या कामावर ते फार खूश होते. "बरं. माज्या हातची हाये. तरंगंल."

रविवारी पाऊस थोडा उघडला होता. दादा रेनकोट घालून काठावर उभा राहिला. आबांनी नारळ आणला होता. आम्ही बौद्ध, आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे नारळ फोडत नाहीत.

"आमच्यात न्हाई फोडत, आबा," आत्या म्हणाली.

"मग मी फोडतो. होडी तुजी, पर केलीया मी."

"फोडा फोडा. खोबरं तेवढं माज्याकडं द्या, चटणीला व्हईल."

सगळे हसले. होडी पाण्यात गेली, आत्या चढली, तिने वल्हं मारलं. थोडं पुढे जाऊन तिने खाली पाहिलं. काठावरून आम्हाला फक्त तिची मान वाकलेली दिसली. ती वल्हं मारत राहिली, जणू जोरात गेलं की पाणी मागे पडेल. परत आली तेव्हा ती होडीतच घोट्याच्या वरपर्यंत पाण्यात उभी होती.

दादाने हात देऊन तिला उतरवलं. तो टाकून बोलला नाही, त्याचंच वाईट वाटलं. "आई, पुरे आता," एवढंच म्हणाला. "पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो."

तो गेल्यावर आबांनी होडीच्या ओल्या फटींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी बी ऐकायला नको व्हतं तुजं."

"आता बुडवू की," आत्या म्हणाली. "हाये ना आठवडा."

आम्ही होडीत दगड भरले. आत्या एकेक दगड असा ठेवत होती, जसा हंडा फडताळात ठेवावा. शेवटच्या काही दगडांना होडी एका अंगावर कलली आणि शांतपणे खाली गेली. मग गावाला विषयच मिळाला. जो येईल तो काठावर थांबायचा.

"होडी कुटं गेली?"

"हाये की, तितं."

"बुडाली व्हय?"

"झोपलीया," आत्या म्हणायची. "तू नको उठवूस."

ती असं बोलायची, पण रोज सकाळी आधी पाण्याकडे जायची आणि मग रोपांकडे. घरामागे वाफ्यात रोपं हिरवीगार उभी होती. अजून थोडे दिवस गेले असते तर ती जून होऊन वाया गेली असती.

मधेच दादाचा फोन मला आला. "होडीचं काय केलं?"

"पाण्याखाली आहे."

"म्हणजे बुडाली?"

"नाही. आम्हीच ठेवलीय."

मग त्याने हळूच विचारलं, "आई बरी आहे ना?" मी हो म्हटलं. त्याच्या आवाजावरून कळलं की त्याला जिंकायचं नव्हतं. त्याला फक्त पावसात पाण्यावर एकटी आई नको होती.

शनिवारी कमरेएवढ्या पाण्यात उतरून आम्ही दगड काढले आणि डब्याने पाणी उपसलं. होडी वर आली आणि तरंगली. आता रात्रभर बांधून ठेवायची आणि सकाळी आत पाणी दिसतं का बघायचं, असं आबा म्हणाले. काठावर बरीच माणसं होती. आभाळ भरलेलं होतं, आणि मला एक गोष्ट खुपत होती. बोलावं की नको, असं करता करता बोलून गेले.

"पाऊस पडला तर? सकाळचं पाणी वरचं की खालचं, ते कसं कळणार?"

सगळे माझ्याकडे वळले. आबा आत्याला म्हणाले, "ही बोलती की गं!" आणि स्वतःच्या गोठ्यावरची ताडपत्री आणायला गेले.

त्या संध्याकाळी आत्याने तिची पिशवी भरली. दोन लुगडी, टॉवेल, औषधं. सकाळी पिशवी ओट्यावर ठेवून ती माझ्याबरोबर पाण्याकडे आली. ताडपत्रीवर पाणी साचलं होतं. आबांनी ती अलगद ओढून काढली. आत तळ ओलसर होता, मागच्या कोपऱ्यात ओंजळभर पाणी होतं. बाकी काही नाही.

"तेवढं लागतंच तिला प्यायला," आबा म्हणाले. आणि त्यांनी ताडपत्रीची घडी घालायला घेतली.

दादा आला तेव्हा आम्ही रोपांच्या जुड्या भरत होतो. त्याने आधी ओट्यावरची पिशवी पाहिली होती, मग होडी.

"पिशवी बी भरलीया," आत्या म्हणाली. "आधी पल्याड जाऊन येऊ. चल."

त्याने बूट काढले, पँट दुमडली आणि वल्हं घेतलं. मी जुड्यांमध्ये बसले. मध्यावर गेल्यावर डोंगराकडून वारा आला, नेमका पाठीमागून. "छत्री उघड गं, धर घट्ट," आत्या म्हणाली. मी आतोबांची मोठी काळी छत्री उघडून समोर धरली. तिने वारा पकडला आणि होडी आपली आपण सरकायला लागली. माझे दंड दुखत होते आणि मी मोठ्याने हसत होते. काठावरून आबा काहीतरी ओरडत होते. दादा सारखा तळाकडे बघत होता. मग बघायचं विसरला.

दिवसभर चिखलात लावणी करून आम्ही परत आलो, भिजून चिंब. पिशवी ओट्यावर तशीच होती. आत्याने ती उघडली, आतला टॉवेल काढला आणि दादाकडे फेकला.

"डोकं पूस आधी," ती म्हणाली. "उद्या सुट्टी काढ. निम्मं ऱ्हायलंय अजून."