एनिडने विचारायला नको होतं

एनिड एन्ट्विसलने उभ्या आयुष्यात घरमालकाकडे एकच गोष्ट मागितली, आणि तीही मागायची गरज नव्हती. हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. राग कोणावर काढायचा ते कळत नाही, मग मी गिऱ्हाइकांवर खेकसते.

माझं दुकान उत्तर इंग्लंडात, ॲक्रिंग्टनला, उतारावरच्या गल्लीच्या कोपऱ्यावर. पाव, दूध, सिगारेटी, वर्तमानपत्रं, आणि काउंटरच्या टोकाला विजेच्या किल्ल्या भरायचं यंत्र. आमच्याकडच्या भाड्याच्या घरांत बहुतेक ठिकाणी आधी पैसे, मग वीज. प्लास्टिकची किल्ली माझ्याकडे आणायची, पैसे भरायचे, घरी नेऊन मीटरमध्ये खुपसायची. पैसे संपले की अंधार. त्यामुळे कोणाच्या घरात किती गारठा आहे ते मला डॉक्टरच्या आधी कळतं. जानेवारीत माणूस थोडे थोडे पैसे भरायला रोज यायला लागला की समजायचं, घरात कोट घालून बसलेत.

एनिड रोज यायची. बुटकी, पाठ जराशी वाकलेली, डोक्याला रुमाल. तरुणपणापासून घरात घालायच्या सपाता शिवायच्या कारखान्यात होती, कारखाना बंद पडेपर्यंत. लग्न केलं नाही. बोलायला लागली की पहिलं वाक्य ठरलेलं, "थेल्मा, तुला उगाच त्रास." अगं बाई, दुकान उघडून बसलेय मी, त्रास कसला? पण नाही. बसमध्ये कोणी तिच्या पायावर पाय दिला तर हीच सॉरी म्हणणार. दवाखान्यात गेली की डॉक्टरांचा वेळ जातो म्हणून निम्मं दुखणं सांगायचंच राहायचं. मी तिला म्हणायचे, "एनिड, तू मेलीस ना, तर शवपेटीतून उठून खांदेकऱ्यांची माफी मागशील." ती हसायची, आणि हसल्याबद्दलही सॉरी म्हणायची.

तिची धाकटी बहीण मर्टल तिच्यासोबत राहायची. मर्टलचे डोळे साखरेच्या आजाराने गेले, हळूहळू, त्याच घरात. त्यामुळे ते घर तिला हाताने पाठ होतं. जिन्याची कुठली पायरी खचलीय, चुलीचं कुठलं बटण घट्ट आहे, मागच्या दाराला गुडघा लावला की ते उघडतं, सगळं. चहा करायची, जेवणाचे बटाटे सोलायची, मागच्या अंगणात धुणं वाळत घालायची. तोंडाने एकदम तिखट. एकदा मी पावाची पिशवी घेऊन गेले आणि चुकून खुर्चीला अडखळले, तर म्हणते, "थेल्मा, आंधळी मी आहे की तू?" दाराबाहेर पाऊल टाकलं की मात्र ती एनिडचा दंड असा धरायची की एनिडला वळ उठायचे. बाहेर ती आंधळी होती. घरात नव्हती.

म्हणून त्या दोघींना ते घर टिकायला हवं होतं. बाकी काही नको होतं त्यांना.

म्हाताऱ्या हॉल्डनचं घर होतं ते. होता तोवर नाताळात बिस्किटांचा डबा घेऊन यायचा, छप्पर गळलं तर स्वतः शिडी लावायचा. तो गेला आणि घर पुतण्याकडे आलं, क्रेग हॉल्डनकडे. हा गल्लीत गाडीतून यायचा आणि गाडीतूनच जायचा. भिंतीला ओल धरली, खिडक्यांतून वारा आत यायला लागला, आणि विजेचे हीटर तर नुसते पैसे खायचे. त्यात त्यांच्या मीटरवरची कंपनी सगळ्यात महागडी. मला माहीत होतं, माझ्या यंत्रात सगळ्याच कंपन्यांच्या किल्ल्या भरल्या जायच्या.

"एनिड, कंपनी बदल ना गं," मी म्हटलं. "पलीकडच्या गल्लीत लोकांनी बदलल्या. तेवढ्याच पैशांत जास्त वेळ हीटर चालतो."

"आपलं घर नाही ना. भाड्याचं."

"घर त्याचं. वीज तू जाळतेस, पैसे तू भरतेस. त्याचा काय संबंध?"

तिला माझं पटेना. मग मी तिला लायब्ररीत पाठवलं. तिथे मंगळवारी मिस पिलिंग नावाची बाई टेबल टाकून लोकांना फुकट सल्ला द्यायची. एनिड परत आली ती गाल लाल करून, शाळेत शाबासकी मिळाल्यासारखी.

"ती म्हणाली, बिल भाडेकरू भरत असेल तर कंपनी भाडेकरूनेच ठरवायची. घरमालकाला अडवता येत नाही. मीटरच काढून दुसऱ्या तऱ्हेचं बसवायचं असेल तर तेवढं विचारावं लागतं. नुसती कंपनी बदलायला परवानगी लागत नाही."

"झालं तर मग! हा घे फोन. इथूनच कर."

तिने फोनकडे पाहिलं, हात कोटाच्या खिशात घातले. "पाठीमागून करणं बरं दिसत नाही गं. शेवटी त्यांची वास्तू. एकदा त्यांच्या कानावर घालते."

"एनिड!"

"नुसतं कानावर. ते ओल बघायला येणारच आहेत."

मी तिला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. काही उपयोग झाला नाही. बरं दिसणं, न दिसणं, याच्यापुढे आमच्याकडच्या त्या पिढीचं काही चालत नाही. उपाशी राहतील, पण पाहुण्याला विचारल्याशिवाय बिस्किटाच्या ताटाला हात लावणार नाहीत.

क्रेग आला त्या दिवशी मी तिथेच होते. एनिडनेच बोलावलं होतं, तिला एकटीला धीर होत नव्हता. आईच्या चिनी मातीच्या कपात चहा. केक. हीटर सकाळपासून लावून ठेवलेला, मालकाला गारठा लागू नये म्हणून. आदल्या दिवशी बहुतेक दोघी अंधारात बसल्या असणार त्यासाठी.

क्रेगने भिंतीला नख लावून पाहिलं आणि म्हणाला, "खिडकी उघडत जा. तुमच्या श्वासाने येतं हे."

"हो, हो," एनिड म्हणाली. "मिस्टर हॉल्डन, तुम्हाला उगाच त्रास... एक विचारायचं होतं. विजेची कंपनी बदलली तर तुमची काही हरकत नाही ना?"

"का? आहे त्यात काय वाईट आहे?"

"काही नाही हो. जरा स्वस्त पडेल, एवढंच."

"मिसेस एन्ट्विसल, मीटरला हात लावायचा नाही. उद्या काही लफडं झालं तर निस्तरायचं मी."

ती मिस होती, मिसेस नव्हे. पण तिने दुरुस्त केलं नाही. "बरं," म्हणाली, "बरं, राहिलं." आणि त्याला अजून केक वाढायला लागली. गोष्ट तिथे संपली असती. पण स्वयंपाकघरातून मर्टलचा आवाज आला.

"मीटरला कोण हात लावतंय? नुसती कंपनी बदलायची म्हणतेय ती. हक्क आहे आमचा. लायब्ररीतल्या बाईने सांगितलंय."

क्रेगने कप बशीत ठेवला. अगदी हळू. "हक्क," तो म्हणाला, आणि हसला. "काकांनी तुम्हाला फार लाडावून ठेवलंय. या भाड्यात आज कोणी खोलीही देणार नाही."

"तिला तसं नव्हतं म्हणायचं," एनिड म्हणाली. दारापर्यंत त्याच्यामागे गेली. "मिस्टर हॉल्डन, तिला तसं नव्हतं म्हणायचं."

चार-आठ दिवसांत घर खाली करायची नोटीस आली. दोन महिन्यांची मुदत. कारण काही नाही. तेव्हा कायदा तसा होता, कारण द्यावंच लागत नसे. मी दुकान बंद करून एनिडला ओढत लायब्ररीत नेलं आणि मिस पिलिंगपुढे कागद आपटला.

"तुम्हीच म्हणालात ना, हक्क आहे?"

"आहे," ती बिचारी म्हणाली. "कंपनी बदलायचा हक्क त्यांना आहे. आणि घर खाली करून घ्यायचा मालकाला आहे. दोन्ही खरं आहे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला, पण ओरडणार कोणावर? एनिडने कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "मिस पिलिंग, तुमचा वेळ घेतला."

त्या दोन महिन्यांत मर्टल गप्प झाली. सामान भरलेल्या खोक्यांमुळे तिची वाट बंद झाली होती, तरी भिंतीवरून हात फिरवत फिरायची. एकदा मला म्हणाली, "थेल्मा, तोंड बंद ठेवायला हवं होतं मी." मी म्हटलं, "गप गं, माणसासारखं बोललीस तू." तिने ऐकलं नाही. एनिड मात्र घर घासत होती. सोडून जायचं घर, आणि ही बया खिडक्यांना साबण लावतेय! शेवटच्या दिवशी माझ्याकडे आली आणि किल्लीत पैसे भर म्हणाली. मला वाटलं, माझ्या कानात काहीतरी बिघाड झालाय.

"अगं, तू निघालीस ना आज?"

"नवीन लोक येतील तर घर गार नको. पहिल्या दिवशी फार वाईट वाटतं."

मी पैसे भरले. भांडायची ताकद उरली नव्हती माझ्यात.

कौन्सिलने, म्हणजे नगरपालिकेने, त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला उंच इमारतीत सहाव्या मजल्यावर घर दिलं. तिथे ऊब फुकट, सगळ्या इमारतीला एकाच ठिकाणाहून पाइपातून येते, भाड्यातच धरलेली. थंडीचा प्रश्नच मिटला. मी गेले तेव्हा मर्टल खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. पहिल्याच आठवड्यात तिने चुलीवर हात भाजून घेतला होता, त्यानंतर ती उठेनाशी झाली. न्हाणीघरात जायलाही एनिडला हाक. मी म्हटलं, "काय गं, मस्त ऊब आहे की!" तर म्हणाली, "हो. ऊब आहे." एवढंच. माझी चेष्टासुद्धा केली नाही तिने. मी लिफ्टमध्ये रडले.

एनिड पाव घ्यायला अजून माझ्याकडेच यायची, दोन बस बदलून. तिकडेही दुकानं आहेत, पण असो. एप्रिलमध्ये ती काउंटरशी उभी होती आणि तिच्या जुन्या घरातली नवी भाडेकरू आली, कडेवर मूल घेतलेली गोड पोरगी. मूल रडत होतं, आणि ती मला सांगत होती की मागचं दार उघडतच नाही, त्यावरूनच एनिडने ओळखलं.

"गुडघा लाव गं," एनिड म्हणाली. "खालच्या बाजूला. आम्ही राहायचो तिथे."

"अय्या, तुम्ही होय! आम्ही आलो तेव्हा मीटरमध्ये पैसे होते. बाळाला घेऊन आलो होतो, किती बरं झालं म्हणून सांगू."

एनिडचा चेहरा उजळला. मग पोरीने किल्ली काउंटरवर ठेवली. ती दुसऱ्या कंपनीची किल्ली होती. कंपनी बदलली की नवी किल्ली येते, आणि ही त्या स्वस्त कंपनीची होती.

एनिडनेही पाहिलं.

"मिस्टर हॉल्डन काही म्हणाले नाहीत?"

"कशाबद्दल?"

"कंपनी बदललीत ना तुम्ही."

"त्यांना कुठं माहितीय! आल्या आल्याच केली, फोनवर. पाच मिनिटांचं काम." पोरगी जराशी घाबरली. "का हो? विचारायला लागतं का त्यांना?"

एनिडने बाळाच्या टोपीची सुटलेली नाडी बांधली.

"नाही गं," ती म्हणाली. "नाही लागत."

पोरगी गेली. एनिड यंत्राकडे बघत राहिली. मग हातमोजे चढवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "थेल्मा, हे मर्टलला कळू द्यायचं नाही हं." आणि गेली.

पाव काउंटरवरच राहिला होता. मी तशीच धावत बसस्टॉपपर्यंत गेले. तिने पिशवी घेतली आणि मलाच म्हणाली, "सॉरी गं. तुला उगाच त्रास."