गडमुडशिंगीच्या पडद्यावर उमटलेला आवाज

कोल्हापूरच्या बसस्थानकावर उतरलो तेव्हा वैशाखाचे ऊन कलू लागले होते. गाण्याच्या आवाजानुसार मंचामागच्या पडद्यावरची चित्रे हलवणे हा माझा व्यवसाय. बुद्धजयंतीच्या कार्यक्रमासाठी मला गडमुडशिंगीला जायचे होते. रिक्षावाल्याने माझी वायरींची पिशवी उचलून पाहिली आणि म्हणाला, "पावणं, लोखंड भरलंय व्हय (होय) ह्यात?" शहर मागे पडले, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला.

गायिका यशोधरा कांबळे हिने आधी घरी जेवायला नेले. भाकरी, खर्डा (हिरव्या मिरचीचा भरड ठेचा) आणि सणाची गव्हाची खीर. तिचे वडील भिकाजीआबा स्वतः भीमगीते गात असत. उमेदीची सारी वर्षे कर्ण्यांच्या गदारोळात गेली आणि त्यातच त्यांचे कान गेले. आता ते ओठांवरून बोलणे ओळखतात.

"लेक गाती, पर मला कुठं ऐकाय येतंय?" ते म्हणाले. "तुमच्या पडद्यावर दिसंल म्हणती ही. दिसंल न्हवं?"

मी लगेच मान डोलावली. डोलावण्याआधी थोडे थांबायला हवे होते.

संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे मंचाच्या कडेला माईक ठेवून लॅपटॉपला जोडला. गाण्याआधी सत्कार सुरू झाले. फेटा, शाल, नारळ. एखादे नाव राहिले तर माणूस वर्षभर रुसेल, म्हणून निवेदकाने कुणालाच सोडले नाही. प्रत्येक नावाला पडद्यावरचे निळे वर्तुळ फुलत होते. पहिल्या रांगेतल्या आबांनी पडद्यावरची नजर न हलवता डोळे पुसले.

"पोरगी लई भारी गाती की."

"आबा, सरपंचांचा सत्कार चाललाय," मागून कुणीतरी म्हणाले आणि रांग हसली. आबांना ते हसणेही ऐकू आले नाही.

यशोधरेने मंचामागून ते पाहिले होते. ती माझ्याजवळ आली. "काका, आमच्या आबास्नी खोटं दाखवू नका."

त्या माईकमध्ये सगळा गोंगाट शिरणार हे मला ठाऊक होते. गोंगाटाने पडदा भरगच्च दिसतो, लोक खूश होतात, म्हणून स्वच्छ आवाज मिळवण्याचे कष्ट मी सहसा घेत नाही. हा आळस मी कौशल्य म्हणून खपवत आलो होतो.

मिक्सर सांभाळणाऱ्या इरफानला मी फक्त तिच्या माईकची वेगळी वायर मागितली.

"देतो की. पण पडदा थंड पडंल बघा. पब्लिकला झगमगाट लागतो."

वायर जोडताच जनरेटरची घरघर त्यातून आली आणि पडदा उगाच थरथरू लागला. ती अडवणारी छोटी पेटी मधे घातल्यावर तो स्थिरावला. तिच्या माईकमध्ये शिरणारी ढोलकी राहिली होती; तेवढ्या पातळीपर्यंतचा आवाज पडद्याने मोजूच नये, अशी मर्यादा ठरवली.

ढोलकी सुरू झाली. पडदा काळाच.

"ओ पावणं, टीव्ही बंद पडला की," गर्दीतून आवाज आला. आयोजक धावत आले. "अहो, कायतरी लावा."

"ती गाऊ लागली की दिसेल," मी म्हणालो. माझा हात मात्र जुन्या माईकच्या बटणाजवळच घुटमळत होता.

यशोधरेने आबांच्याच एका जुन्या भीमगीताचा पहिला सूर लावला आणि काळ्यातून निळे वर्तुळ हळूहळू उमलले. ती चढली की ते रुंदावे, थांबली की मिटे. आबांनी टाळी वाजवली नाही. पुढे झुकून, कपाळाला आठी घालून ते बघत राहिले. त्यांना ते आवडले नसावे, असे मला वाटले.

गाणे संपल्यावर ती खाली आली. त्यांनी तिचे मनगट धरले.

"दुसऱ्या कडव्यात मधीच श्वास तोडलास."

ती त्यांच्या समोर आली. मग ओठ नीट हलवत म्हणाली, "व्हय आबा. तुटला."

"माझाबी तिथंच तुटायचा," आबा म्हणाले.

सकाळच्या बसने परतताना खिडकीबाहेर ऊस मागे पळत होता. माझ्या पडद्यांचे आजवर पुष्कळ कौतुक झाले. गाणाऱ्याची चूक त्यात दिसावी, इतका खरा मात्र कालच्याआधी त्यांतला एकही नव्हता.