वीज गेल्यावर उघडणारं कपाट

माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण आहे ते माझ्या आत्याचं. मुरबाडजवळच्या एका आरोग्य केंद्रात ती नर्स होती. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि तिने मला आपल्या क्वार्टरमध्ये ठेवून घेतलं म्हणूनच जाऊ शकलो. संगणकाची पदवी घेऊन नोकरीला लागलो, तेव्हा कंपनीने पहिल्या मोठ्या कामाला पाठवलं तेही तिच्याच केंद्रात.

काम सर्पदंशाच्या लशीच्या कपाटाचं होतं. आदल्या वर्षी बाटल्या चोरीला गेल्या होत्या आणि ऐन आवणीत, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, कपाट रिकामं निघालं होतं. म्हणून आम्ही त्याला परिस्थिती पाहून स्वतःच वागणं बदलणारं कुलूप बसवलं. बोटाचा ठसा जुळला की ते उघडायचं. ठसा चुकला की त्याला चोराचा संशय यायचा आणि दर चुकीला ते जास्त वेळ बंद राहायचं. फार्मासिस्ट रजेवर, डॉक्टर नवे. कुलूप बसवलं त्या आठवड्यात ठसा फक्त आत्याचा नोंदलेला होता.

आवणीत आमच्याकडे सगळे एकमेकांच्या शेतावर जातात; आज तुमची खाचरं, उद्या आमची. नोकरी असली तरी आत्या त्यातून कधी सुटली नाही. त्या सकाळीही ती चिखलातून थेट कामावर आली. थोड्याच वेळात वैशाखरे गावाहून जीपमधून एका बाईला आणलं. घोणस चावली होती. पाय सुजलेला, हिरड्यांतून रक्त. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि लस मागितली.

आत्याने बोट ठेवलं. लाल दिवा. पदराला पुसून, दिवा विझताच पुन्हा ठेवलं. लाल. पाण्याने तिच्या बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती.

"उघडा ना नर्सबाय! काय बघताय?" बाईचा नवरा ओरडला.

"उघडते रे भावा. मशीन मला वलखत नाय."

केंद्राचा शिपाई माझ्याकडे वळला. "एवढा शिकला तू, आता जरा कुलपाला शिकव."

आत्याचा हात पुन्हा पुढे गेला. मी तो धरला. "आत्या, थांब. आता चुकलं तर दुपारपर्यंत बंद राहील."

"आन दुपारपर्यंत ही राहील का?"

मला एकच वाट आठवली. वीज गेली की बॅटरी पुरावी म्हणून ते कुलूप ठसा तपासणं सोडून द्यायचं आणि केंद्रात सगळ्यांना ठाऊक असलेला आकडा तेवढा मागायचं. "आत्या, वीज गेली की आकडा दाब!" म्हणत मी व्हरांड्यात धावलो, मेन स्विच पाडला. पंखा थांबला. आत आत्याने आकडा दाबल्याचे आवाज आले आणि दार उघडलं.

लस चढू लागली तेव्हा शिपाई हळूच म्हणाला, "म्हंजे चोरानं पन हेच करायचं?"

मी जाऊन मेन स्विच वर केला. बाईला पुढे मोठ्या दवाखान्यात नेलं. मी परतलो आणि आत्याचं पत्र आल्यावर तिला हे लिहिलं:

"ती. आत्या,

बाई घरी आली हे वाचलं आणि त्या दिवशी जेवण गोड लागलं. मेन स्विचची वाट मी कंपनीतल्या साहेबांना सांगून टाकली. लपवली असती तर तुझी सोय झाली असती, पण पुढच्या आवणीत कपाट पुन्हा रिकामं निघालं असतं. आता ती वाट बंद होईल. ठसा जुळला नाही तर केंद्रातल्या दोघांनी आपापला आकडा दाबला की दार उघडेल आणि मोठी घंटा वाजेल. वाजू दे गावभर. साहेब आधी तयार नव्हते. मग मी त्यांना तुझं ते दुपारपर्यंतचं वाक्य ऐकवलं.

पुढच्या आठवड्यात बदल करायला येतो. तोवर शेतात उतरू नकोस असं लिहिणार होतो, पण तू ऐकणार नाहीस. निदान कामावर जाण्याआधी चुलीपाशी हात शेकत जा."